कमानीतले सात चिरे

आप्पा, काल मुलींच्या शाळेत जाऊन आलो. तिथल्या मोठ्या कमानीखाली काचेचं घडीचं दार बसवायचं आहे आणि ते काम आपल्याकडे आलं आहे. दुसरीकडे जाणार तरी कुठे? रत्नागिरीत आता कुणाला दुकानाची कपाटं हवी असोत की कचेरीतले कठडे, माणूस सरळ आपल्या कारखान्यात येतो. पावसच्या बागायतदाराचा दिवाणखाना आपण सजवला, गणपतीपुळ्याच्या धर्मशाळेची दारं आपली, बंदरावरच्या वखारीतली लांबलचक फडताळं आपली. लोक कौतुक करतात आणि मग हळूच विचारतात, तुमचे वडील तर अख्ख्या इमारती बांधायचे, तुम्ही भिंतीला हात का लावत नाही? मी हसून म्हणतो, ज्याचं काम त्याने करावं. हे उत्तर इतकं पाठ झालं होतं की ते खरं आहे असं मलाच वाटू लागलं होतं.

तुमच्या वेळी आपण पायापासून कडीकोयंड्यापर्यंत सगळं करायचो. खाणीतून नुकता काढलेला जांभ्याचा चिरा ओला असतो, नखाने खरवडला तरी भुगा होतो. तो उघड्यावर पडून ऊन-पाऊस खातो, तेव्हा कुठे टणक होतो. म्हणून दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की तुम्ही छिन्नी घेऊन आवारातल्या चिऱ्यांमधून फिरायचात आणि सरलेल्या पावसाळ्याची एकेक रेघ प्रत्येकावर ओढायचात. रेघ नसलेला चिरा बांधकामात घ्यायचा नाही. एकदा कुणा गड्याने साध्या कुंपणाच्या गडग्यात तसा एक लावला, तर तुम्ही अख्खा गडगा उतरवलात. "गडगा झाला म्हणून काय झाला? वल्या चिऱ्याचा भरवसा नाय धरायचा," असं म्हणून तुम्ही जेवायलासुद्धा आला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. इतकं कशाला, असं वाटलं होतं.

याच मुलींच्या शाळेचं बांधकाम आपल्याकडे होतं; ते निम्म्यावर आलं आणि तुम्ही तापाने अंथरूण धरलंत. "कमान तुझी," एवढंच मला सांगितलंत. माझं पंचविसावं सरलेलं, लग्न ठरलेलं. तुम्ही उठायच्या आत कमान पुरी करून दाखवायची, याखेरीज डोक्यात दुसरं काही नाही. आणि ऐन माथ्यावर सात चिरे कमी पडले. आवारात रेघेचा एकही उरला नव्हता. घरामागे एक ढीग होता, पण तो तुम्ही माझ्या लग्नानंतरच्या खोलीसाठी राखून ठेवलेला. त्याला हात लावायचा तर तुम्हाला विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर कमान तुमची झाली असती. मी खाणीवरून ताजे सात मागवले. आपल्या म्हाताऱ्या गवंड्याने त्यातला एक हातात घेऊन उलटसुलट केला.

"ह्याच्यावर रेघ नाय."

"माहीत हाय. लावा."

त्याने लावले. दुसऱ्या दिवशी मी बिजागऱ्या आणि पितळी कड्या आणायला बोटीने मुंबईला गेलो.

बारा दिवसांनी परत आलो तर तुम्ही उठून कामावर हजर, आणि कमानीला गिलावा झालेला. "साळंवाले मागं लागले व्हते," तुम्ही म्हणालात. कमानीला खालून पेलून धरणारा लाकडी साचा, आपलं कालबूत, अजून जागेवर होतं. कालबूत उतरवण्याआधी कमानीला गिलावा कोणी मारत नाही, आणि तुम्ही तर नाहीच नाही. तेव्हाच मला उमगायला हवं होतं. पण मला नुसतं हायसं वाटलं. बिनरेघेचे चिरे झाकले गेले होते ना! गवंडी माझ्या नजरेला नजर देईना. चोराच्या मनात चांदणं, मीही त्याला टाळू लागलो.

मग महिन्याभराने कालबूत उतरवायचा दिवस येतो. ज्याच्या नावावर काम, त्याने तेव्हा कमानीखाली उभं राहायचं, ही आपली रीत. शाळेची मंडळी अंगणात लांब उभी आहेत. तुम्ही वहाणा काढता, डोक्याचा रुमाल घट्ट करता आणि बरोबर त्या सात चिऱ्यांखाली जाऊन उभे राहता. तापाने तुमची मान बारीक झालेली आहे. मी दहा पावलांवर. तुम्ही माझ्याकडे बघता.

"काय सांगायचा आसंल तर आत्ता सांग."

गवंडी कालबुताखालच्या पहिल्या पाचरीवर घाव घालतो.

"काय रे? काय सांगायचा हाय काय तुला?"

दुसरा घाव. मी शिडीवरच्या गड्याकडे मान वळवतो, त्याला उगाच हाताने काहीतरी खुणावतो. तिसरा घाव. लाकूड करकरतं, चुन्याची भुकटी तुमच्या रुमालावर पडते. कालबूत बोटभर खाली बसतं. कमान आहे तिथेच राहते. तुम्ही वर पाहिलं नाहीत. सबंध वेळ माझ्याकडेच बघत होतात. मग बाहेर आलात, रुमाल झटकलात, "झाला," म्हणालात आणि मंडळींनी साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, "आजपासून तू दारा-खिडक्या बघ. भिंतींचा मी बघीन." मला ती बढती वाटली! चार वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर भिंतीची सरळ रेषा पाहायचा ओळंबा एकदाही माझ्या हातात दिला नाहीत. तुमच्या माघारी मी पाटीवरचं 'बांधकाम' पुसलं आणि 'सुतारकाम' तेवढं ठेवलं. पण दर पावसाळ्यानंतर शाळेची दारं तपासायच्या निमित्ताने जाऊन कमानीला तडा शोधत राहिलो. गेल्या वर्षापासून तुमची नात त्याच कमानीखालून शाळेत जाते, आणि ती घरी येईपर्यंत माझं कामात लक्ष नसतं.

काल दाराची चौकट बसवायची म्हणून तिथला गिलावा काढायला घेतला. गड्यांना बाजूला करून माथ्यावरचा मी स्वतः खरवडला. सातही चिरे मोजले. प्रत्येकावर तीन रेघा आहेत, आप्पा. तुमच्या छिन्नीच्या. तीन पावसाळ्यांचा चिरा तेव्हा एकाच ठिकाणी होता, आपल्या घरामागे. लग्नानंतर वर्षभर आम्ही पडवीत संसार केला, खोलीला चिरे पुरले नाहीत असं आई म्हणायची. मी कधी विचारलंही नाही, का पुरले नाहीत ते.

म्हणजे मी मुंबईत असताना अंगात ताप असलेल्या तुम्ही कमानीचा माथा उतरवलात आणि पुन्हा बांधलात. त्या दिवशी तुमच्या डोक्यावर कसलाच धोका नव्हता. ते तुम्हाला ठाऊक होतं, गवंड्याला ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त मला. शाळेची, पोरीची काळजी काल मिटली. आणि मी शिडीवर बसून रडलो, कारण तुम्ही खाली कशाला उभे राहिला होतात ते मला कळलं.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणूनच लिहिता येतोय. त्या संध्याकाळी घरी येताना तुम्ही मला विचारलं होतंत, "ठोकाठोकीत माझा बोलणा आयकू आला नाय काय तुला?" मी नाही म्हटलं. तुम्ही "बरा" म्हणालात आणि पुढे चालू लागलात.

आप्पा, मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा.