बेसिनचं पाणी मीच बंद केलंय

यम्मा,
बेसिनला पाणी येणार नाही. प्लंबरला बोलावू नकोस, खालची चावी मीच फिरवलीय. नमाजाआधी पाय धुवायचा म्हणून तो बेसिनात टाकतेस आणि ओल्या फरशीवर एका पायावर उभी राहतेस. रमजानात तिथेच मनगट मोडलं, विसरलीस? डॉक्टरीणबाई म्हणालीच होती, हाडं ठिसूळ झालीत, एक मोडलं की दुसरं मोडायला वेळ लागत नाही. आता खुबा मोडला तर मी काय करू?

न्हाणीत स्टूल ठेवलंय, शेजारी तांब्या भरलाय. बसून धू. “मी काय म्हातारी झालेय?” हे भिंतीला विचार.

शाळेत दोनच तास घेऊन येते. येताना तुझं हाडांचं इंजेक्शन आणते, तीन आठवडे टाळलंयस. मग एक्स-रे काढायला जाऊ. फोन खिशात ठेव, वाजला तर धावू नकोस.

एक्स-रे कशाला, म्हणशील. पहाटे दाराआडून म्हणालीस, “काही नाही गं, बादली पडली.” मी परत गेले. पण यम्मा, पडलेली बादली “या रब्बी” असा देवाचा धावा करत कण्हत नाही.

तुझी लेक,
वहीबा