पुलाच्या अलीकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच! दुसरा किलोमीटर संपला आणि कंबरेत कळ निघाली. उजवीकडे, माकडहाडाच्या जरा वर. आधी नुसती कुणकुण, मग कोणी स्क्रू पिळावा तशी. थांबायची सोय नाही. दोरीचं एक टोक माझ्या बोटांत, दुसरं धाकट्या बहिणीच्या. मी थांबलो तर तीही थांबणार आणि लगेच विचारणार — ‘दादा, काय झालं?’ त्या प्रश्नाचीच भीती जास्त.

अंध खेळाडूंच्या संघाची निवड चाचणी पंधरा मार्चला. पाच हजार मीटर, चोवीस मिनिटांच्या आत. आमचं सगळ्यात चांगलं पंचवीस-दहा. ही हुकली तर पुढची चार वर्षांनी. धाकटी तेव्हा चाळिशीची होईल. ती हसत म्हणते, ‘मग मी काठी टेकत धावेन, तशीही हातात असतेच.’ तिला जन्मापासून दिसत नाही, पण जीभ अशी की डोळसांनी जपून राहावं.

५ फेब्रुवारी

गरम पाण्याची पिशवी. तेल. पट्टा. काही उपयोग नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दुकानात आज चांगलीच शोभा झाली. एक बाई गादी बघायला आल्या. ‘कंबरेला चालेल ना हो?’ म्हटलं, ‘चालेल काय, धावेल!’ आणि वरचं प्लास्टिक काढायला वाकलो तो तसाच अडकलो. ना वर, ना खाली. बाईंनीच हात देऊन मला त्या गादीवर बसवलं. मग पर्स उचलून गुपचूप निघून गेल्या. कोण घेईल माझ्याकडून गादी!

बायको म्हणते, ‘अहो, सहा वर्षं झाली, आता दुसऱ्या कोणाला तरी धावू द्या की तिच्याबरोबर.’ तिला सांगणं सोपं आहे. धाकटीला अनोळखी माणसाबरोबर धावायला भीती वाटते. पहिल्या वर्षी संघटनेने एक मुलगी दिली होती, तिने खड्डा सांगितला नाही. धाकटीचे दोन दात गेले. तेव्हापासून मीच. ती म्हणते, ‘दादा वळ म्हणाला की मी विहिरीत पण वळेन.’

११ फेब्रुवारी, बुधवार

आज एक गोष्ट केली. लिहू का नको, दिवसभर चाललंय.

आमचा रस्ता कालव्याच्या कडेने. पंपहाऊसपासून तिसऱ्या पुलापर्यंत अडीच किलोमीटर, तिथून वळून परत. पूल दिसत होता. पण डाव्या पायावरून उजव्या पायावर येताना दर वेळी डोळ्यांपुढे अंधारी येत होती. विजेच्या डीपीपाशी आलो — पुलाच्या बरंच अलीकडे — आणि तोंडातून गेलं, ‘वळण!’

ती वळली. विचारलं नाही. वळण म्हटलं की ती वळते.

थोडं पुढे आल्यावर म्हणाली, ‘आज पूल लवकर आला.’

मी म्हणालो, ‘तुझा वेग वाढलाय.’

पंपहाऊसपाशी तिने मनगटावरचं बोलणारं घड्याळ दाबलं. तेवीस मिनिटं, चाळीस सेकंद. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबलं आणि तिथेच कठड्याला टेकून रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हा हात तेव्हाच झडला असता तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

डीपीपाशीच वळलो. आज पुलापर्यंत गेलो असतो तर कालचं खोटं उघडं पडलं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सायकलला मोजायचं यंत्र लावून एकटाच जाऊन आलो. डीपीपर्यंत सव्वादोन किलोमीटर. म्हणजे आम्ही रोज साडेचारच धावतो. हिशेब केला तर खरा वेग आधीपेक्षाही मंद! पूर्ण पाच धावलो तर सव्वीस मिनिटं लागतील. सायकलवरून उतरताही येईना. शेवटी कडेच्या झाडाला धरून एक पाय कसाबसा पलीकडे टाकला.

१९ फेब्रुवारी

धाकटीने अर्ज भरला. ‘सर्वोत्तम वेळ’ या रकान्यात तेवीस-वीस. पाणीखात्यात फोनवर तक्रारी घ्यायचं तिचं काम. दिवसभर लोकांच्या शिव्या खाते. आज म्हणे साहेबाने सगळ्यांना उभं करून तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. ‘दादा, नळाला पाणी नाही म्हणून ओरडणाऱ्या माणसाला पण मी आज सांगितलं!’

मी हसलो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बायकोने फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. तिशीच्या असतील. कडक. भिंतीवर त्यांची स्वतःची शर्यतींची पदकं. हातात टॉवेल देऊन म्हणाल्या, ‘ही तुमची दोरी समजा. दुसरं टोक मी धरते. धावा.’ खोलीतल्या खोलीत धावलो. त्यांनी मोबाइल टेबलावर उभा करून चित्रीकरण केलं होतं, ते दाखवलं.

असा दिसतो मी! उजवा खांदा खाली, कंबर एका बाजूला मोडलेली, मान तिसरीकडेच. धाकटी माझ्याहून हातभर बुटकी. दोरी ताणू नये, कानाशी हळू बोलता यावं, म्हणून मी सहा वर्षं उजवीकडे कलून धावतोय. मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं मी ताठ आहे.

‘दीड महिना धावणं बंद,’ बाई म्हणाल्या.

‘पंधरा मार्चनंतर.’

‘पंधरा मार्चपर्यंत तुम्ही उभे तरी राहाल का, ते बघा.’

१ मार्च, रविवार

तेवीस-दहा. ती नाचली. मी गाडीत बसताना दार धरून पाचपर्यंत मोजलं.

सांगायला हवं. ती चाचणीत या खोट्या वेगाच्या भरवशावर सुटणार आणि शेवटच्या फेऱ्यांत सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. तिथे ट्रॅक आहे, साडेबारा फेऱ्या, पंच मोजतात. तिथे डीपी नाही. उद्या सांगतो.

२ मार्च

नाही सांगितलं.

३ मार्च

नाही.

८ मार्च, रविवार

संपलं. पंपहाऊसपासून तीनशे मीटरवर कंबर धरली ती अशी की मी रस्त्यावर गुडघ्यांवर आलो. धाकटी दोरीसकट माझ्यावर पडली. उठली, चाचपडत माझा चेहरा शोधला आणि जोरजोरात हाका मारायला लागली, ‘कोणी आहे का? कोणी आहे का?’ शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने मला पोत्यासारखं उचलून घरी आणून टाकलं.

आता जमिनीवर उताणा पडून लिहितोय. दुकानात चाळीस प्रकारच्या गाद्या, आणि मालक जमिनीवर. कूस बदलायची तरी बायकोला हाक मारावी लागते. आज तिच्यासमोर रडलो. ती म्हणाली, ‘गोळीने बरं वाटेल.’ बिचारीला वाटलं, दुखतंय म्हणून.

१० मार्च

फिजिओवाल्या बाई घरी आल्या होत्या. धाकटी शेजारीच बसलेली. बाई तिला म्हणाल्या, ‘मी धावते तुझ्याबरोबर. माझं पाच किलोमीटर वीस मिनिटांत होतं.’ धाकटी म्हणाली, ‘खड्डे सांगाल ना?’ ‘ट्रॅकवर खड्डे नसतात गं.’ ‘तरी सांगा.’

आज संध्याकाळी दोघी अंगणात दोरी धरून नुसत्या चालल्या. मी खिडकीखाली पडून पावलं ऐकली.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं.

ती चहा घेऊन आली होती. मी छताकडे बघत सगळं एका दमात बोललो — डीपी, सायकल, साडेचार किलोमीटर. तिने कप खाली ठेवला. जमिनीवर नीट चाचपून ठेवला, सांडू नये म्हणून.

‘किती दिवस?’

‘महिनाभर.’

‘दुखत होतं तर सांगायचं होतंस.’

‘सांगितलं असतं तर तू धावणं सोडलं असतंस.’

‘मग सोडलं असतं. ते माझं मी ठरवलं असतं ना?’ आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं वाटलं असतं. ‘सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या, दादा.’

ती भिंतीला हात लावत बाहेर गेली. आमच्या घरात भिंतीला हात लावून चालताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

१३ मार्च

आली नाही. जाणार का, तेही कळवलं नाही.

१४ मार्च

बायकोकडून कळलं, दोघी सकाळीच निघाल्या. धाकटी म्हणे, ‘नाव दिलंय, तर शेवटची येऊन येते.’

माझ्यासाठी निरोप नव्हता. उद्या ती तिथे सगळ्यांसमोर पडेल, आणि ते माझं काम असेल. मला तर उठून तिथवर जाताही येत नाही. कंबर बरी होईल म्हणतात. होऊन तरी काय करायचंय?

१५ मार्च, रविवार

बावीस मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. पूर्ण पाच हजार मीटर. निवड झाली.

फोन धाकटीनेच केला. रडत होती, म्हणून आधी मला उलटंच वाटलं. म्हणाली, ‘बाई पुढेच जात राहिल्या, दादा, आणि मी पोचत राहिले. आजवर मला वाटायचं, माझा वेगच पंचवीस मिनिटांचा आहे.’

तो वेग माझा होता.