भाडेकरू

४ मार्च
आले एकदाची. दवाखान्यामागची खोली म्हणजे काडेपेटी, पण समोरच बेकरी असल्यामुळे भाजल्या पावाच्या वासाने जाग येते. काम सोपं आहे. इथल्या बऱ्याच लोकांच्या रक्तात वर्षानुवर्षं एक परजीवी मुक्काम ठोकून आहे. शरीर त्याच्याशी लढायला अँटिबॉडी तयार करतं. त्या किती, ते मी मोजायचं. डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या. म्हणाल्या, हा पाहुणा म्हणून येतो आणि भाडेकरू होऊन बसतो.

११ मार्च
जुन्या नोंदी पाहिल्या, बेकरीवाल्याच्या अँटिबॉडी दर तपासणीला उतरत गेल्यात. आज जवळजवळ नाहीतच. औषधाशिवाय रोग आपोआप गेला असावा, असं बाई म्हणाल्या. क्वचित होतं म्हणे. आनंदाची बातमी मी स्वतः बेकरीत जाऊन दिली. तो नुसता बघत राहिला. त्याची बायको आत निघून गेली.

१५ मार्च
बेकरीवाल्याची बायको आज दवाखान्यात आली. म्हणाली, पूर्वी तापाने फणफणायचा, चिडायचा, रात्रभर कण्हायचा. आता कण्हत नाही, भांडत नाही, तिला हाक मारत नाही. काल उघड्या हाताने भट्टीतला निखारा सारला. कातडी सोलली, तरी तोंडातून शब्द नाही. जाताना एवढंच बोलली, "आजारी होता तेव्हा माझा होता हो."

१६ मार्च
राहवेना, म्हणून त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. रोग गेलेला नाही. थेंबभर रक्तात परजीवी वळवळताहेत, कधी नव्हे इतके. शरीराने लढणंच सोडलंय. त्यांना आपलं म्हटलंय. घाईने आवरताना त्याच रक्ताची सुई बोटात रुतली.
बाईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि उकळता चहा एका दमात प्यायला. ओठावर फोड उठला. म्हणाल्या, रिपोर्टात 'बरा झाला' असंच लिही.

९ एप्रिल
ताप. अंगाची लाही होतेय. माझ्या अँटिबॉडी चढताहेत. ताप आहे तोवर धीर आहे— आतून कोणीतरी दार लावून धरलंय. ताईला फोनवर सगळं सांगितलं. तिने ताबडतोब निघून यायला सांगितलं. बॅग भरली.

१२ एप्रिल
उभंच राहवत नाही. ताप उतरला की निघते.

२० एप्रिल
अँटिबॉडींचा आकडा खाली आलाय. पुन्हा मोजला. खालीच. बाई पहिल्यांदा हसल्या—

२२ एप्रिल
ताप नाही. बॅग दाराशी. निघायचं होतं, कुठेतरी. ताईचा फोन वाजत होता. वाजू दिला.

२३ एप्रिल
भीती वाटायला हवी. एवढं कळतं.

२४ एप्रिल
बेकरीवाल्याची बायको आलीये. सांगतेय, नवरा सकाळी भट्टीत वाकला, आणि वाकतच गेला. माझा हात घट्ट धरून रडतेय. मी दुसऱ्या हाताने लिहितेय. ती का रडते, ते मघापर्यंत मला समजत होतं. आता नुसतं पाणी दिसतं, गालावरून, आणि—