खुर्ची वळवल्यावर

मालगुंड, जि. रत्नागिरी
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहासदादा,

सप्रेम जयभीम. वहिनीलाही माझा जयभीम सांग. आम्ही सगळे मजेत आहोत, असं नेहमीसारखं लिहिणार होते. पण त्याआधी माझी एक चूक दुरुस्त करते.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आप्पांच्या ॲम्प्लिफायरची डावी बाजू गेली. ते खरं नाही. आप्पा म्हणाले, मी लिहिलं; स्वतः तपासलं नव्हतं. ॲम्प्लिफायर ठणठणीत आहे. तेव्हा दादरच्या त्या गृहस्थांकडचा दुसरा घ्यायला रविवारी जाऊ नकोस.

हे फोनवर सांगता येत नाही. तुझा फोन आला की आप्पा माझ्या हातातून घेतात आणि त्या नव्या सेटबद्दलच बोलत बसतात. त्यांनी मनात सगळं ठरवलंय. जुनाच हवा, जपानीच हवा, उचलायला दोन माणसं लागावीत आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळा ट्रान्सफॉर्मर हवा. "म्हणजे एका बाजूचं दुखणं दुसरीला कळत नाय," असं म्हणतात. ते ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

तू घरी असतास तर सेट किती जपलाय, ते तुलाही कळलं असतं. सेटच्या कपाटात ओल धरू नये म्हणून आप्पा आतला बल्ब अजून पेटता ठेवतात. संध्याकाळी सेट काढला की आधी दहा मिनिटं नुसता तापू देतात. मग आवाज इतका बारीक, की शेजारच्या सगुणाकाकी विचारतात, "एवढा मोठा डबा, नि आवाज माशीएवढा?" आप्पांचं उत्तर ठरलेलं. "वहिनी, बैल दावणीला बांधलेला असला तरी त्याचा जोर कळतो ना? ताकद ओरडायला नसते." आणि खरंच दादा, एवढ्या हळू आवाजातही ढोलकीची थाप पोटात लागते. लहान सेटवर ती नुसती टकटक वाजते.

पावसाळ्यापासून त्यांना ढोलकी ऐकूच येईना. त्यांच्या गाण्यांत ढोलकी डाव्या बाजूला वाजते, पेटी उजव्या. मी रत्नागिरीला गुरुप्रसादच्या दुकानात सेट नेला. त्याने उघडून तपासला, दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या. तो म्हणाला, "ताई, याचे कंडेन्सर अजून माझ्यापेक्षा तरुण आहेत." आप्पांना पटलं नाही. "त्याच्या दुकानात चालतो. इथल्या ओलीत नाय चालत."

मग गेल्या रविवारी मी स्वतः बघायचं ठरवलं. डावा स्पीकर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे आणला. दोष डावीकडेच राहिला. वायरी काढून नव्या घातल्या. तरी डावीकडेच. सेटच्या पुढच्या काचेतले, दोन्ही बाजूंचा आवाज दाखवणारे काटे मात्र बरोबरीने नाचत होते. "काटे खोटं बोलतात," आप्पा म्हणाले. मी म्हटलं, "मग काट्यांकडे बघूच नका. खुर्ची वळवून मागच्या भिंतीकडे तोंड करून बसा." लहानपणी ते माझी अशीच परीक्षा घ्यायचे, आठवतं? शाळेत नाव घालायच्याही आधी. डोळे मीट, ढोलकी कुठे ते हाताने दाखव. मी डावं-उजवं तसंच शिकले. अजूनही कोणी डावीकडे वळा म्हटलं, की मला आधी ढोलकी आठवते.

आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. मी आधीचंच गाणं परत लावलं. बाकी कशालाही हात लावला नव्हता.

"आली!" ते ओरडले. "ढोलकी आली. काय केलास गो?" मग कान देऊन, "पण आता पेटी गेली."

मी काहीच केलं नव्हतं, दादा. फक्त माणूस वळवला होता.

"याच्या पोटातच बिघाड आहे," ते म्हणाले. "कधी ही बाजू, कधी ती. सुहासला सांग, दुसरा बघ." आणि मी "हो" म्हटलं. मला एवढंच सुचलं.

आत गेले तर आई भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "मला कधीच कळला होता. म्हणून तर जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसतंय." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" "बोलून काय? एप्रिलात जयंतीच्या स्टेजचा आवाज कोण लावणार, ते सांग."

तेच आहे. मैदानाच्या मधोमध आप्पा उभे राहतात, हात वर करतात, आणि आवाज जमून तो हात खाली येईपर्यंत गाण्याची पार्टी सुरू होत नाही. तो हात गेला तर आप्पांकडे काय उरतं?

मी रत्नागिरीच्या दवाखान्यात फोन केला. कानाचे डॉक्टर शनिवारीच येतात. तिथल्या बाईंनी विचारलं, "चक्कर येते का?" मी "येते" म्हणाले. हे तुला लिहिलं नव्हतं. आप्पा दोनदा विहिरीपाशी कठडा धरून बसले होते. आईला म्हणाले, उन्हाने झालं. त्या बाई म्हणाल्या, एकाच कानाचं जात असेल आणि चक्करही असेल, तर आणखी लांबवू नका, डोक्याचा आतला फोटो काढावा लागेल. कशासाठी, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गुरुप्रसादकडे सेट दाखवायचाय असं सांगून त्यांना रत्नागिरीला न्यायचं आणि रिक्षा दवाखान्यापाशी थांबवायची, असाही एक विचार आला होता. पण ज्यांनी मला डोळे मिटून खरं सांगायला शिकवलं, त्यांना असं फसवून कसं नेऊ? मीच सांगेन. खुर्ची पुन्हा वळवेन, तेच गाणं लावेन, आणि ढोलकी आली असं ते म्हणाले की पुढे जाऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसेन. मग म्हणेन, आप्पा, सेटला काही झालेलं नाही.

ते रागावतील. कदाचित उठून सेट कपाटात ठेवतील, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. त्या दिवशी तू घरी असावास असं फार वाटतं, पण रजेचं तुझं तू बघ. येता आलं नाही तर निदान दुपारी फोन कर, आणि नव्या सेटचं नाव काढू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघत थांबणार नाही. थांबले तर मीही आईसारखी नुसती त्यांच्या उजव्या हाताला बसायला शिकेन.

येत्या शनिवारी, १५ नोव्हेंबरला सकाळी, रत्नागिरीच्या पहिल्या एसटीच्या आधी मी त्यांना सांगणार आहे.

तुझी,
करुणा