यार्डांचा तलाव

बाबा, परवा तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असता तर मी भांडलेच असते. तुमच्याशी भांडायचं माझं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती, आणि आता ती माझ्यापेक्षा उंच झालीय. भांडायला उशीर झालाय हे मला कळतं. पण मला जे कळलं तेच परवा कळलं, त्याला मी काय करू?

तुमच्या या नातीबद्दल आधी सांगते. ती पोहते. मी शिकवलं नाही, मी तर पाण्याकडे पाठ फिरवून बसले होते. ती शाळेत शिकली आणि शिकली ती वेडीच झाली. आम्ही अजून बहरीनमध्येच आहोत, सनाबिसला राहतो. माझं ऑफिस सीफला, म्हटलं तर हाकेच्या अंतरावर, पण गाडी लावायला जागा मिळेपर्यंत जीव जातो. आई आता आमच्याकडेच असते. सुट्टीच्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात मासे साफ करत असते, मी भाजी चिरत असते आणि ही पोरगी ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून अमेरिकेच्या कॉलेजातल्या मुलींच्या शर्यती बघत असते. फ्रीस्टाइलच्या, आखूड तलावातल्या. बाबा, तुम्ही बघायला हवं होतं. भिंतीला पाय लावून सुटल्या की त्या अर्ध्याहून जास्त तलाव पाण्याखालूनच कापतात, वर येतात, चार हात मारतात की पुढची भिंत आलीच. पन्नासची शर्यत वीस-एकवीस सेकंदांत खलास. मी तेलात मोहरी टाकून तडतडायची वाट बघते, तेवढ्यात संपलेली असते. आणि तुमची नात ओरडत असते, "यल्ला, यल्ला, गो!"

मला त्या मुली बघताना तुमची आठवण येते, न येऊन कसं चालेल? तुम्ही त्या अमेरिकन लोकांच्या वसाहतीतल्या, कंपाउंडमधल्या तलावाच्या पंपांचे आणि फिल्टरचे सुपरवायझर. क्लबहाउसमध्ये टाकून दिलेली त्यांची मासिकं तुम्ही घरी आणायचात आणि त्यातले पोहणाऱ्या पोरींचे फोटो कापून फ्रिजवर चिकटवायचात. आई कुरकुरायची, लोकांच्या घरी फ्रिजवर गणपती असतो आणि आपल्याकडे या ओल्या बाया. तुम्ही हसायचात. अमेरिकेतल्या सगळ्यात वेगवान बायका कोण आणि कुणी कुणाला मागे टाकलं, हे तुम्हाला गावच्या भाऊबंदकीसारखं तोंडपाठ असायचं. भर दुपारी उन्हाला भिऊन तलावाकडे कुणी फिरकायचं नाही तेव्हा तुम्ही साहेबांची परवानगी काढून मला आत न्यायचात. फरशी इतकी तापलेली असायची की मी चपला अगदी कडेला काढून थेट उडी मारायचे. तुमच्या हाताला क्लोरीनचा वास, गळ्यात शिट्टी, मुठीत घड्याळ. माझा हात भिंतीला लागला की तुम्ही घड्याळ बघून म्हणायचात, "काय गो, अमेरिकेच्या पोरींना घाबरवतेस की काय!" मी पाण्यात उभी, धापा टाकतेय, आणि मला तेव्हा खरंच वाटतंय की घाबरवतेय.

तुमचं शिक्षण रत्नागिरीच्या खाडीत झालेलं, पण शिकवायला तुम्ही पक्के होतात, हे मान्य. मला टर्न तुम्हीच शिकवलात. भिंत जवळ आली की कोलांटी मारून पाय भिंतीवर आपटायचे आणि सुटायचं. "भिंत फुकट वेग देते, ती सोडायची नाही," असं म्हणायचात. मी भिंतींवर जगायचे. मनामाच्या सूक बाजारातून तुम्ही मला निळा पोहण्याचा पोशाख आणलात, तो दोन मापं मोठा निघाला आणि आईने रातोरात टाचून दिला. इतकं सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत, म्हणून तर हे पत्र लिहिणं मला जड जातंय. परक्या माणसाने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो.

मग पुणं. काकांच्या ओळखीने त्यांच्या क्लबतर्फे तिथल्या पोहण्याच्या स्पर्धेत माझं नाव दिलंत. नाव देताना सोबत आपलं टायमिंगही कळवावं लागतं आणि त्यावरून कोणाला कुठली लेन द्यायची हे ठरतं. सगळ्यात वेगवान मुली मधल्या लेनमध्ये, बाकीच्या कडेला. तुम्ही आपल्या तलावातलं माझं शंभरचं टायमिंग कळवलंत, आणि मला मिळाली चौथी लेन. शेवटच्या, सगळ्यात वेगवान गटातली चौथी. म्हणजे तिथल्या साऱ्या पोरींमध्ये कागदावर मी पहिली. गॅलरीतल्या लोकांना काही केल्या कळेना की ही बहरीनची कोण पोरगी आली. तुम्हाला वाटलं असेल, बघा आता. छाती फुगवून बसला होतात.

मी शेवटची आले. शेवटची म्हणजे अगदी शेवटची, माझा हात लागला तेव्हा बाकीच्या मुली टोप्या काढून एकमेकींशी बोलत होत्या. शिडीवरून वर येताना एका मुलीची आई बोललेली मला अजून ऐकू येते, "अहो, हिला मधे टाकलं कुणी?" लोक हसले. वाईट माणसं नव्हती ती, हसण्यासारखंच होतं. मी टॉवेलमध्ये तोंड घालून तुमच्याजवळ आले आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा, आपला तलाव पंचवीस मीटरचाच आहे ना हो?" विचारला होता, बाबा. मी पंधरा वर्षांची, रडत होते, पण नेमका तोच प्रश्न विचारला होता. पुण्याचा तलाव पन्नास मीटरचा, म्हणजे आपल्या दोन फेऱ्या; पण पाण्यात हाताला जाणवत होतं की हे अंतर त्याहून जास्त आहे. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणालात, "नाचता येईना अंगण वाकडं." आणि थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "पाणी सगळीकडे सारखंच असतं गो. मन कमी पडलं तुझं. घाबरलीस."

ते मी मान्य केलं. बापाने सांगितलं म्हणजे खरंच असणार. परत आल्यावर मी तलावाकडे फिरकले नाही आणि तुम्हीही कधी चल म्हणाला नाहीत. तेव्हा मला वाटलं, तुम्ही निराश झालात. पुढे सगळीकडे तेच. गाडीच्या लायसन्सच्या टेस्टला नापास झाले तेव्हा, मन कमी पडलं. ऑफिसात वरची जागा रिकामी झाली, साहेब स्वतः म्हणाले अर्ज करा, तेव्हा मी घरी येऊन विचार केला की ऐन वेळी मी कच खाणारी बाई, कशाला लोकांपुढे शोभा करून घ्यायची? अर्ज केला नाही. ती जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या बाईला मिळाली आणि मी तिला पेढे दिले. मी भित्री आहे हे मला माझ्या जन्मतारखेसारखं माहीत होतं. कधी तपासून बघावंसं वाटलं नाही.

आता परवाचं सांगते. शर्यत चालू होती. मी सहज म्हटलं, "पंचवीस मीटरचा तलाव आहे, म्हणून इतके टर्न." नात म्हणाली, "मम्मा, इट्स यार्ड्स, नॉट मीटर्स. अमेरिकेत कॉलेजवाले यार्ड्समध्येच स्विम करतात. शॉर्टर आहे, तेवीस मीटर्सपण नाही." आई खाली मान घालून माशाची खवलं काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आपल्या तलावासारखाच की. तोही यार्डांचाच होता, अमेरिकन लोकांनी बांधलेला."

माझी सुरी थांबली. पोरगी मात्र उडालीच. "वेट, मम्मा, तुमचा पूल यार्ड्सचा होता? तुझं टायमिंग काय होतं?" मी सांगितलं. ते कोण विसरतं? मग तिने पुण्याचं विचारलं, मी तिथे शेवटची आले एवढं तिला ठाऊक होतं. तेही सांगितलं, हे जरा हळू. यार्डांचं टायमिंग मोठ्या तलावात किती होईल, याचं अंदाजाचं एक गणित असतं, ते तिने फोनवर केलं. मग परत केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मा, पुण्याचं फास्टर आहे. बरंच फास्टर. तू कधीच इतकी फास्ट गेली नव्हतीस. दॅट वॉज युअर बेस्ट स्विम एव्हर." आणि वर मलाच समजावू लागली, की आखूड तलावाच्या सवयीच्या मुलींचं मोठ्या तलावात असंच होतं. भिंती कमी, ढकलून सुटायला मिळत नाही. त्या अमेरिकेच्या नामी पोरींतही काहीजणी आखूड तलावात राण्या आणि मोठ्या तलावात साध्या. "कुणी त्यांना लूझर नाही म्हणत, मम्मा." मग खाली मैत्रिणीच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि ती बॅग उचलून प्रॅक्टिसला पळाली.

मी आईला विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"काय?"

"तलाव यार्डांचा आहे ते."

आई माझ्याकडे बघत राहिली, जणू मी विचारलं होतं की बाबांना पोहता येत होतं का. "अगो, तलावात पाणी किती, औषध किती टाकायचं, हे सगळं त्यांच्याकडेच होतं ना? माहीत नसून कसं चालेल? मला म्हणाले होते, पोरीला सांगू नकोस, उमेद जाईल तिची." मग तीच पुढे म्हणाली, आणि तिने ते तुमच्या कौतुकाने सांगितलं, हे लक्षात घ्या. "पुण्याहून आल्यावर मला म्हणाले, पोर जन्मात पोहली नव्हती तशी पोहली तिथे. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, मग तिला सांगा की तसं, रडून रडून अर्धी झालीय. तर म्हणाले, ते सांगायचं तर तलावाचंही सांगावं लागेल."

बाबा, तलावाचं खोटं मी एक वेळ गिळलं असतं. लेकीचं कौतुक करताना आईबाप चार गोष्टी वाढवून सांगतातच. माझं टायमिंग तुमच्या साहेबांना सांगून झालं होतं, सनाबिसच्या मित्रांना सांगून झालं होतं, आता मागे कसं फिरायचं, हेही समजू शकते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तुम्ही ती झाकूनही ठेवली नाहीत, पुण्याला नेऊन भर गर्दीत माझ्याकडून उघडवून घेतलीत. तेही सोडा. त्या दिवशी त्या गॅलरीत शेकडो माणसं होती आणि मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पोहले, हे त्यांतल्या एकालाच कळलं होतं. घड्याळ तुमच्याच हातात होतं. आणि तुम्ही मला म्हणालात, घाबरलीस. स्वतः खोटं ठरू नये म्हणून पोरीला भित्री ठरवलंत. अंगण वाकडंच होतं, बाबा, आणि ते किती वाकडं हे तुम्हाला इंचासकट माहीत होतं. तुम्ही दुसरं काहीही म्हणू शकला असतात. काहीच बोलला नसतात तरी मला चाललं असतं.

आई आत्ता दारात येऊन विचारून गेली, काय लिहितेस एवढं? ऑफिसचं, म्हटलं. तिच्यावरही रागावले आहे, पण ती समोर आहे, तिच्या गोळ्या मलाच द्यायच्या असतात. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे तर ठरलेलंच आहे.

परवा संध्याकाळी मी पोरीला आणायला गेले. ओले केस, हातात शवर्माचा कागद, गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "मम्मा, मी विचार करत होते. आजोबांना यार्ड्सचं माहीतच नव्हतं ना? त्यांना कळलं असतं की तू किती फास्ट गेलीस, तर ही वुड हॅव बीन सो प्राउड. पुअर आजोबा." सिग्नल लाल होता. सांगायला भरपूर वेळ होता. मी म्हटलं, "हो गं. बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार?" हे मी पोरीसाठी म्हटलं, असं आत्ता लिहिणार होते. पण ते खरं नाही. तुम्हाला कुणी वाईट म्हटलेलं मला अजून सहन होत नाही.