नाटक संपेपर्यंत

प्रिय हट्टी मुली,

आपण स्टुडिओत भांडलो, तेव्हा म्हाताऱ्या कोळ्याच्या जुन्या नभोनाट्याची टेप स्पीकरवर लावून मी माइकने रेकॉर्ड करत होतो. त्यात भांडणही उतरलंय. "कॉलेज अर्धवट सोडलंस, आता भांडणही सोड!" हे तुझं, मग मी आपटलेलं दार.

साहेब म्हणाले, "पुसून पुन्हा कर, दिवटे!"

पुसण्याआधी ऐकलं. दारानंतर वीस मिनिटं कोळी एकटाच नावेशी बोलतो, नाव किनाऱ्याला लागते, नाटक संपतं. त्यानंतर खुर्ची सरकते आणि तुझ्या चपला वाजतात.

तू लगेच निघून गेलीस, असं समजून महिनाभर मनातल्या मनात तुझ्यावर डाफरत होतो. दमलो गं. पुसवत नाहीये.

दाराबाहेर न थांबलेला,
मीच