क्रूस छापलेली पिशवी

रविवार, चोपडा

चर्चने गरजू घरांना धान्य दिलं, ते क्रूस छापलेल्या पिशव्यांतून. आज गावात गेले तर सखूअक्कांनी ती पिशवी क्रूस आत जाईल अशी उलटी करून, घडी घालून माझ्या हातात दिली. "ताई, पिशवी नको वं. मनी पोरनं लगीन मोडनं." मुलाकडच्या पाहुण्यांनी ती खुंटीला टांगलेली पाहिली, ही माणसं बाटली असं समजून उठून गेले. अक्का तर अजून देवीपुढे दिवा लावतात! आम्ही नुसतं डाळ-पीठ दिलं. मग क्रूस कशाला छापला?

निघताना त्यांची मुलगी रेखा हळूच म्हणाली, "ताई, ते लोक परत यावेत म्हणून चर्चमध्ये प्रार्थना कराल?"

हो म्हणून आले. आत्ता गुडघे टेकले. पिशवी समोर आहे. सुलटी करायचा धीर होत नाही.